पटावर नसलेला पाईप



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काही जणांनी फोन करून चौकशी केली, त्यांचे आभार. तब्येत ठणठणीत आहे. न लिहिण्याचं कारण वेगळंच होतं. ज्या विषयावर लिहायचं मनात होतं तो माझ्या आवाक्यातला नव्हता. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि चौतीस वर्षं इतिहास-मराठी शिकवलेली बाई. बॉयलर, पाईप, पोलाद यातलं मला काय कळणार? पण भाच्याला सारखे फोन करून त्रास दिला, एक वही केली, लिहिलेलं दोनदा फाडून टाकलं, आणि आता हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. वाचताना कुणा इंजिनिअर मंडळींना हसू आलं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. दिवाळीआधी माळा आवरायला काढला होता. जुनी ट्रंक उघडली तर नातवाच्या हाती एक लोखंडाचा तुकडा लागला. तळहाताएवढा, थोडा वाकलेला, नारळाची करवंटी फुटावी तसा. "आजी, हे काय? भंगारात टाकू?" मी जवळजवळ ओरडलेच, "ठेव ते खाली!" बिचारा दचकला.

तो तुकडा माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा. अण्णा २०१२ साली गेला. वहिनीने त्याच्या वस्तू वाटल्या तेव्हा मी हा तुकडा मागून घेतला होता. घरातल्या थोरांना त्याची गोष्ट माहीत आहे. धाकट्यांना ती कधी सांगितली नाही, कारण अण्णालाच ती बोललेली आवडत नसे.

आमचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या बाजूचं. मी लग्न होऊन सांगलीला आले. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगलीला येते, तसंच माझंही झालं म्हणायचं. आमच्या लहानपणी या नदीच्या दोन्ही काठांचं रूप बदलत होतं. त्याआधी १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण मिळालं आणि खासगी कारखाने निघाले. आपल्या जिल्ह्यात फलटणजवळच्या साखरवाडीचं तर नावच त्यावरून पडलं. मग १९५० मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्या वाटेने सगळे निघाले. सांगलीला वसंतदादांनी कारखाना उभा केला, रेठरे बुद्रुकला कृष्णा, साखराळ्याला राजारामबापूंचा, कराडजवळ यशवंतनगरला सह्याद्री. ज्या घरात कधी पगाराचं पाकीट आलं नव्हतं, तिथे ते दर महिन्याला येऊ लागलं. आमच्या घरी ते अण्णाने आणलं. (तो ज्या कारखान्यात होता त्याचं नाव मी लिहीत नाही. वर जी नावं आली ती परिसर कळावा म्हणून, यातून कुणी अर्थ काढू नये.)

अण्णा आधी खलाशी होता, मग फायरमन झाला. त्यानंतर परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळवलं. ते त्याने काच लावून भिंतीवर टांगलं होतं. माझी बी.ए.ची पदवी ट्रंकेत आणि अण्णाचं सर्टिफिकेट भिंतीवर. आई म्हणायची, "त्याच्या कागदाला आग सोसावी लागते, तुझ्या कागदाला नुसती वाळवी."

दसऱ्याच्या सुमाराला कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. संचालक जोडीने पूजेला बसतात, भटजी मंत्र म्हणतात, नारळ फुटतो आणि भट्टी पेटते. अण्णाने एकदा आम्हाला दाखवायला नेलं होतं. हार, कुंकू, पेढे. मला आठवतं, मी त्याला विचारलं होतं, "त्या मागच्या पाईपांची पूजा नाही करत?" तो म्हणाला, "त्यात नुसतं पाणी असतं गं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

१९८३-८४ च्या गळीत हंगामात, जानेवारीत, रात्रपाळीला फीडपंपाच्या पुढचा पाईप बेंडजवळ फुटला. फीडपंप म्हणजे बॉयलरमध्ये जोर लावून पाणी भरणारा पंप. त्यातलं पाणी उकळत्याच्या घरातलं आणि दाबाखाली. तिथे अण्णाचा मदतनीस उभा होता, एकोणीस वर्षांचा पोरगा. अण्णा वाफेत घुसला, त्याला ओढून बाहेर काढलं, पंप बंद केला. बॉयलरला पाणी जात नाही म्हटल्यावर नळ्या कोरड्या पडून मोठा अनर्थ होणार, म्हणून भट्टीत जाणारा भुसा थांबवला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पोराला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. मी शाळा सुटली की रोज एस.टी.ने मिरजेला जायची. नवव्या दिवशी तो गेला.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की अटेंडंटने व्हॉल्व्ह एकदम उघडल्यामुळे पाण्याचा दणका बसून पाईप फुटला. अण्णाची वेतनवाढ थांबली आणि त्याला बॉयलर हाऊसमधून काढून उसाच्या काट्यावर बसवलं. भिंतीवरचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच उतरवलं. त्या पोराच्या घरी तो दर दिवाळीला जायचा, जमेल ते देऊन यायचा. आम्हाला एवढंच म्हणायचा, "व्हॉल्व्ह मी हळूच उघडला होता गं." पुढे पुढे तेही म्हणेनासा झाला. मला वाटतं, शेवटी शेवटी त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला असावा. अठ्ठावीस वर्षं एकच गोष्ट मनात घोळवली की माणसाला आपला हातसुद्धा आपला वाटत नाही.

फुटलेल्या बेंडचा एक तुकडा मात्र त्याने उचलून आणला होता. तोच हा.

आता थोडा इतिहास, कारण तो माझा विषय. बॉयलरची भीती आपल्या देशात जुनी आहे. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं दगावली. त्यातून १८६४ साली बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. ते एकमेकांशी जुळेनात, म्हणून १९२३ साली साऱ्या देशासाठी इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला आणि १९५० साली त्याची सविस्तर नियमावली. बॉयलरची नोंदणी हवी, ठराविक मुदतीचा दाखला हवा, अपघात झाला तर चोवीस तासांत कळवायला हवं, हे सगळं त्यात होतं. तो कायदा शंभर वर्षं टिकला. २०२५ साली त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला आहे.

या इतिहासात एक गोष्ट दिसते. माणसाला भीती होती ती बॉयलरची, त्या मोठ्या पिंपाची. पाणी कमी झालं तर? दाब वाढला तर? म्हणून गेज ग्लास आला, सेफ्टी व्हॉल्व्ह आला, हायड्रॉलिक टेस्ट आली. अटेंडंटचे डोळे कायम त्या काचेच्या नळीवर. अण्णा घरी जेवतानासुद्धा मधेच पाण्याच्या तांब्याकडे बघायचा, आम्ही चिडवायचो.

दुसरा इतिहास पाण्याचा आहे, आणि तो मला भाच्याने सांगितला. माझा भाचा, म्हणजे अण्णाचाच मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बगॅसवर वीज तयार करणाऱ्या प्रकल्पात काम करतो. बापाला बॉयलरवरून उतरवलं आणि मुलगा बॉयलरवरच चढला. वहिनीने किती विरोध केला होता!

तो म्हणतो, आत्या, बॉयलरच्या पाण्याचे शत्रू एकेक करून हेरले गेले. पहिला शत्रू क्षार. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यातले क्षार नळ्यांत साचतात, आपल्या बंबात साचतात तसे. मग पाणी मृदू करायला शिकले. साखर कारखान्यात तर रस आटवताना निघालेल्या वाफेचंच पाणी करून ते बॉयलरला देतात. ते जवळजवळ निव्वळ पाणी, क्षार नाहीतच. पण तिथे दुसरा शत्रू निघाला, साखर! वाफेबरोबर रसाचा अंश उडून आला की तो बॉयलरच्या उष्णतेत फुटतो, त्याची आम्लं बनतात आणि पाणी आंबट होतं. म्हणून केमिस्ट दिवसरात्र त्या पाण्याचा नमुना घेऊन अल्फा नॅप्थॉलची परीक्षा करतात. साखर असली तर जांभळं कडं दिसतं. ज्या साखरेसाठी सगळा खटाटोप तीच बॉयलरमध्ये विष, याची मला मोठी गंमत वाटली.

तिसरा शत्रू ऑक्सिजन. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो. म्हणून पाणी डीएरेटरमध्ये तापवून हवा काढून टाकतात आणि उरलासुरला ऑक्सिजन औषध घालून मारतात. आता पाणी कसं झालं? क्षार नाहीत, साखर नाही, ऑक्सिजन नाही. तीर्थासारखं. मग पाईप का फुटावा?

इथे भाच्याने मला तव्याचं उदाहरण दिलं. आपला बिडाचा तवा वापरून वापरून काळा होतो. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे, तव्याचं कवच. नवी सून उत्साहाने तो घासून लख्ख करते आणि दुसऱ्या दिवशी तवा गंजतो. पोलादाच्या पाईपात गरम पाणी असलं की आतून असाच एक काळा थर बसतो, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो लोखंडाचाच बनलेला असतो आणि लोखंडाचं रक्षण करतो. पण अगदी निर्मळ, ऑक्सिजन नसलेलं, थोडंसं आंबटाकडे झुकलेलं पाणी भुकेलं असतं. ते हा थर हळूहळू विरघळवतं. पाणी संथ असेल तर थराजवळचं पाणी लोखंडाने तृप्त होतं आणि काम थांबतं. पाणी वेगात असेल, त्यातही बेंड, टी, व्हॉल्व्ह किंवा प्रवाह मोजायची चकती यांच्या पुढे जिथे ते घुसळून निघतं, तिथे तृप्त झालेलं पाणी वाहून जातं आणि नवं भुकेलं पाणी येतं. न ढवळलेल्या चहात साखर तळाशी बसून राहते, चमचा फिरवला की विरघळते, तसं. थर गेला की लोखंड आपल्या अंगातून नवा थर करतं. तोही जातो. असं करत करत पाईप आतून पातळ होत जातो. साधारण शंभर ते अडीचशे अंशांच्या पाण्यात हे चालतं आणि दीडशेच्या आसपास जास्तीत जास्त जोरात.

मी म्हटलं, म्हणजे नदी काठ खाते तसं? वर्गात मी नकाशावर कृष्णेची वळणं दाखवून मुलांना काठाची झीज शिकवायची. तो म्हणाला, दिसायला तसंच, पण खरं तसं नाही. नदी घासते, हे पाणी विरघळवतं. वाळू नको, घर्षण नको, नुसतं स्वच्छ पाणी पुरतं. आणि म्हणूनच कळत नाही. बाहेरून गंज नाही, पाईप गळत नाही, आवाज नाही. रंगसुद्धा शाबूत. एके दिवशी उरलेलं पापुद्र्याएवढं पोलाद दाब सहन करू शकत नाही आणि पाईप एकदम फाटतो.

"त्यात नुसतं पाणी असतं गं."

हे जगाला मोठ्या किमतीने कळलं. ९ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सरी अणुवीज केंद्रात दुसऱ्या युनिटचा फीडपंपाकडे जाणारा पाईप बेंडजवळ फुटला. पाईप अठरा इंची, म्हणजे जवळजवळ हातभर व्यासाचा. भिंत मूळची अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटरहून थोडी जास्त. फुटला तिथे काही जागी ती दीड मिलिमीटरच्या आसपास उरली होती. आठ कामगार भाजले, त्यातले चार गेले. किरणोत्साराचा यात काही संबंध नव्हता, नुसतं गरम पाणी आणि वाफ. ज्या पाईपांतून वाफमिश्रित पाणी जातं तिथे अशी झीज होते हे लोकांना माहीत होतं आणि तिथे तपासणी होत होती. नुसत्या पाण्याच्या पाईपात हे होईल असं धरलंच नव्हतं, म्हणून तिथे कुणी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर जगभर पाईप मोजायला सुरुवात झाली. आवाजाच्या लहरी सोडून बाहेरूनच जाडी मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र असतं. पण पाईप हजारो, बेंड हजारो. कुठे मोजायचं याची यादी करावी लागते.

आणि त्या यादीत एक नाव राहिलं. ९ ऑगस्ट २००४, जपानमधलं मिहामा, युनिट तिसरं. छप्पन सेंटिमीटर व्यासाचा पाईप, मूळची जाडी दहा मिलिमीटर, प्रवाह मोजायच्या चकतीच्या पुढची जागा, पाणी एकशे चाळीस अंशांच्या आसपास. युनिट १९७६ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत ती जागा लिहायची राहून गेली होती. उरलेली जाडी अगदीच थोडी निघाली. पाच कामगार मेले, सहा जखमी झाले. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही की ती जागा यादीतून सुटल्याचं आधीच्या वर्षी लक्षात आलं होतं, आणि येत्या तपासणीत ती बघायची असं ठरलंही होतं. तपासणी १४ ऑगस्टला सुरू होणार होती. मेलेले लोक तिच्याच तयारीसाठी तिथे आले होते. पाच दिवस!

हे सगळं भाच्याकडून ऐकताना मला माझा हजेरीपट आठवला. चौतीस वर्षं मी रोज सकाळी पट वाचला. "हजर बाई, हजर बाई." गैरहजर पोराच्या घरी निरोप जायचा, चौकशी व्हायची. पण एका वर्षी कुंडलवरून आलेल्या ऊसतोड टोळीच्या मुली शाळेच्या कुंपणाबाहेर रोज दिसायच्या. त्यांची चौकशी मी कधी केली नाही. का? तर त्यांची नावं पटावर नव्हती. जो पटावर नाही तो कधी गैरहजरही नसतो. ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, आणि मिहामाचा पाईप ऐकताना पुन्हा कळली.

असो. विषयांतर झालं.

आपल्या देशातही हा अनुभव आलेला आहे. आपल्या अणुभट्ट्यांत जड पाणी नेणारे शेकडो फीडर पाईप साध्या पोलादाचे असतात. दोनशेवीस मेगावॅटच्या भट्टीत तीनशेसहा नलिका, आणि प्रत्येकीला एक येणारा आणि एक जाणारा, म्हणजे सहाशे बारा. तेही वळणांपाशी असेच पातळ होतात. २००० नंतरच्या दशकात कल्पक्कम आणि नरोरा इथे ते सगळेच्या सगळे बदलण्याचं मोठं काम झालं. उपाय काय, तर पोलादात अगदी थोडं क्रोमियम. जेवणात मीठ असावं तेवढंसुद्धा नाही, शेकडा अर्ध्याहूनही कमी, पण त्याने झीज कितीतरी पटींनी उतरते. दुसरा उपाय पाणी पुरेसं अल्कधर्मी ठेवणं. आणि तिसरा, सगळ्यात साधा, मोजत राहणं.

भाच्याने आणखी एक सांगितलं. ऑक्सिजन पार नाहीसा करायचा म्हणून औषध जास्त घातलं तर ही झीज उलट वाढते, कारण किंचित ऑक्सिजन असेल तर तो काळा थर अधिक चिवट होतो. मी म्हटलं, मग औषध बंद करा. तो हसला. "तसं नाही आत्या. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये ऑक्सिजन सोडला तर खड्डे पडतील. प्रमाण सांभाळायचं." एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगाचं कारण व्हावं, हे आमच्या वयाच्या माणसांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुकड्याकडे येते. दिवाळीत भाचा आला तेव्हा मी तो त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. बापाच्या हयातीत त्याला तो हातात घ्यायलाही मिळाला नव्हता. मग त्याने आतली बाजू उजेडात धरली. आत लहान लहान लाटा आहेत. पूर ओसरल्यावर कृष्णेच्या वाळूत उमटतात तशा, एकीत एक शिरलेल्या. माझी बोटं त्यांवरून कितीदा फिरली असतील, पण मला वाटायचं लोखंड असंच असतं. तो म्हणाला, "आत्या, हीच खूण."

दुसऱ्या दिवशी तो व्हर्नियर कॅलिपर घेऊन आला. जाड कडेला ५.९ मिलिमीटर. फाटलेल्या कडेला १.२.

मी विचारलं, "म्हणजे अण्णाची चूक नव्हती?" तो माझ्यापेक्षा जास्त जपून बोलणारा आहे. म्हणाला, "तुकडा चाळीस वर्षांचा. पाण्याचं रजिस्टर नाही, बाकीचा पाईप नाही. यावरून कोर्टात काही सिद्ध होणार नाही. पण एवढं नक्की की व्हॉल्व्ह कितीही जोरात उघडला तरी त्याने सहा मिलिमीटरचं एक मिलिमीटर होत नाही. त्याला वर्षं लागतात. पाण्याचा दणका बसला असेल, नसेलही. पण चांगल्या पाईपने तो सोसला असता."

मग तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

चौकशी करणाऱ्यांवर मी आता राग धरत नाही. १९८४ साली, सरीच्या दोन वर्षं आधी, ही गोष्ट साखर कारखान्याच्या चौकशीत कुणाच्या ध्यानात यावी अशी अपेक्षा करणं चुकीचं होईल. त्यांच्या यादीतही ती नव्हती. मात्र पाईप फुटल्यावर त्यांनी माणसाचा हात तपासला आणि पाईपाची भिंत तपासली नाही, एवढं मी म्हणेन. तुकडा तिथेच जमिनीवर पडला होता. अण्णाने उचलला म्हणून राहिला.

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही दोघं त्या पोराच्या घरी जाऊन आलो. आईवडील कधीच गेले. धाकटी बहीण आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, नातवंडं आहेत. अण्णा गेल्यापासून आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं, त्याची मला लाज वाटली. भाच्याने तुकडा तिच्या हातात दिला आणि तव्याचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या आईला कधीच वाटलं नव्हतं की त्यांची चूक होती. ती म्हणायची, चूक असलेला माणूस दर दिवाळीला येत नाही." हे अण्णाला कुणी सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं."

अठ्ठावीस वर्षं तो माणूस एका वाक्यासाठी झुरला, आणि ते वाक्य त्या घरात होतं.

आज आपल्या भागातले बॉयलर अण्णाच्या वेळचे राहिलेले नाहीत. तेव्हा एकवीस किलोच्या दाबाचा बॉयलर मोठा वाटायचा. आता वीजनिर्मितीसाठी सदुसष्ट, सत्त्याऐंशी, एकशे दहा किलोचे आहेत. पाणी आणखी शुद्ध, आणखी गरम, आणखी वेगात. या ब्लॉगचे दोन-तीन वाचक कारखान्यांत नोकरीला आहेत हे मला माहीत आहे, आणि आमच्या नात्यातली तर चार पोरं आहेत. त्यांना या म्हातारीची विनंती आहे. हंगाम संपला, दुरुस्त्या निघाल्या की एकदा विचारा, फीडपंपाच्या पुढचे बेंड, चकतीच्या आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढची जागा, कधी मोजली होती? वहीत आकडा आहे का? आकडा नसेल तर यादीत नाव तरी आहे का? एवढंच विचारायचं. मॅनेजर रागावले तर म्हणावं, आमच्या आत्याने विचारायला सांगितलंय.

अण्णाचं सर्टिफिकेट वहिनीकडे होतं, कपाटाच्या तळाशी. भाच्याने ते नवी काच लावून आपल्या बैठकीत टांगलं आहे. तुकडा मी नातवाला दिला. भंगारात टाकणार नाही म्हणाला.

तुमच्यापैकी कुणाला याबद्दल जास्त माहिती असेल, किंवा माझं कुठे चुकलं असेल, तर जरूर कळवा. वही अजून संपलेली नाही.